बेसमेंटचा रॅम्प निघण्याआधी ठरवा: माल कुठून, माणूस कुठून?

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीचे सचिव, बंगल्याखाली एका मजल्याचं तळघर काढणारे मालक आणि आठ-दहा माणसं घेऊन काम करणारे छोटे ठेकेदार, या तिघांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. "खोदाई झाली, पोकलेन बाहेर आलं, रॅम्पही कापला. आता सळई, प्लाय, सिमेंट खाली सोडायचं आहे आणि माणसांना रोज चढउतार करायची आहे. भाड्याने नेमकं काय आणू?"

प्रश्न विचारला जातो तेव्हा उशीर झालेला असतो. खोदाई चालू असते तोवर डंपर, माणसं आणि डबे सगळे मातीच्या रॅम्पवरूनच ये-जा करतात. रॅम्प हा खोदाईचा शेवटचा तुकडा असतो. तो निघाला की चारही बाजूंनी उभे काप उरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिगारी मिळेल त्या बांबूच्या शिडीवरून किंवा होइस्टच्या बादलीत पाय ठेवून खाली उतरतात. म्हणून रॅम्प कापायची तारीख ठरवाल त्याच बैठकीत दोन गोष्टी कागदावर आणा: माल कुठून उतरेल आणि माणूस कुठून उतरेल. या दोन वाटा वेगळ्या हव्यात. पुढचं सगळं या एका निर्णयावर उभं आहे.

आधी तीन मापं घ्या

दुकानात किंवा भाडेवाल्याकडे जाण्याआधी तुमच्याकडे हे तीन आकडे हवेत:

- खोली. राफ्टच्या तळापासून वरच्या पक्क्या जमिनीपर्यंत. नकाशातली बेसमेंटची उंची इथे उपयोगाची नाही, कारण राफ्ट आणि पीसीसीची जाडी त्यात धरलेली नसते. लिफ्टचा खड्डा आणखी खाली जातो, तोही मोजा.
- सगळ्यात जड नग. सरासरी वजन काढू नका. जो एक नग सगळ्यात जड आहे, त्याच्यावरून साधन ठरतं.
- काठावरची जागा. साधन उभं राहील तिथली जमीन किती रुंद आहे, भरावाची आहे की मूळची, आणि वरून विजेच्या तारा जातात का.

वजनाचा अंदाज साइटवर फार ढोबळ घेतला जातो. सळईचं प्रतिमीटर वजन काढायला मिस्त्री लोकांचं सूत्र आहेच: व्यासाचा वर्ग भागिले १६२. त्या हिशेबाने १६ मिमीची १२ मीटर सळई सुमारे १९ किलो आणि २५ मिमीची सुमारे ४६ किलो भरते. म्हणजे २५ मिमीच्या पाच सळया एकत्र बांधल्या की २३० किलो झाले. काळ्या दगडाबाबत तर नजर हमखास फसते. अर्धा मीटर लांब, तेवढाच रुंद आणि उंच असा कातळाचा तुकडा साडेतीनशे किलोच्या आसपास असतो, आणि मुकादम त्याला "दोन माणसांचा दगड" म्हणतात. ओल्या मुरमाने भरलेली बादली कोरड्यापेक्षा जड होते, हे पावसाळ्यात लक्षात ठेवा.

मालासाठी चार पर्याय

१. हातकप्पी आणि दोर. एका मजल्याच्या तळघरात घमेली, हत्यारं, फळ्या यांसाठी पुरेशी. एकच स्थिर कप्पी जोर वाचवत नाही, फक्त ओढण्याची दिशा सोयीची करते. वीस किलो उचलायला वीस किलोचीच ओढ लागते, घर्षणामुळे थोडी जास्तच. म्हणून एका माणसाने ओढायचा भार २५ किलोच्या आत ठेवा. कप्पी उघड्या आकड्यावर लटकवू नका. आकड्याला खटका हवा, नाहीतर दोर सैल पडला की कप्पी निसटते.

२. चेनकप्पी, तिपाई किंवा चाकांची गॅन्ट्री. पंप, मोटर, दगड अशा मोजक्या जड नगांसाठी हे चांगलं साधन आहे. सावकाश चालतं, पण भार जिथे सोडाल तिथे थांबतो. अर्धा, एक आणि दोन टनांच्या चेनकप्प्या सहज मिळतात. घोटाळा होतो तो उंचीत. बाजारात तयार मिळणाऱ्या बहुतेक चेनकप्प्यांची उचल ३ मीटर असते. तुमचं बेसमेंट साडेचार मीटर खोल असेल तर साखळी मध्येच संपेल आणि मग कुणीतरी आकड्याला दोराचा तुकडा जोडून काम भागवेल. मागवतानाच उचल सांगा. तिपाईचे पाय तळाशी साखळीने एकमेकांना बांधा, म्हणजे भार आल्यावर ते फाकणार नाहीत. हातसाखळी ओढायला दोन माणसं लागत असतील तर भार जास्त आहे असं समजा आणि थांबा.

३. मंकी होइस्ट किंवा मिनी लिफ्ट. आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात निष्काळजीपणे बसवलं जाणारं साधन हेच. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

४. एका दिवसाची क्रेन किंवा हायड्रा. सळईच्या मोळ्या, पाण्याच्या टाक्या, आणि रॅम्प कापताना आत राहिलेलं छोटं खोदाईयंत्र यांसाठी सुटसुटीत साधनांचा विचारही करू नका. महिन्यातले दोन दिवस ठरवा, जड माल त्या दिवसांसाठी साठवा आणि क्रेन बोलवा. खर्च वाटतो त्यापेक्षा कमी पडतो, कारण छोट्या होइस्टवर जड माल फोडून फोडून उतरवण्यात मजुरीचे दिवस जातात.

मंकी होइस्ट बसवताना

हे यंत्र वरच्या मजल्यांवर माल चढवण्यासाठी बनवलेलं असतं. तेच काठावर ठेवून खाली माल सोडायला वापरता येतं, पण दोन गोष्टी बदलतात.

पहिली, मागचं वजन. होइस्टचा हात काठाच्या बाहेर जातो आणि मागे ठेवलेलं वजन त्याला उलटू देत नाही. हिशेब करून पाहा. भार २०० किलो, तो पुढच्या टेकूपासून ०.८ मीटर बाहेर लटकतो. मागचं वजन टेकूपासून १.२ मीटरवर आहे. नुसता तोल राखायला १३३ किलो पुरतात. पण भार हेलकावतो, ब्रेक एकदम लागतो, दगड कापाच्या भिंतीला अडकून सुटतो. म्हणून तिप्पट धरा: ४०० किलो. कंपनीच्या पुस्तिकेत याहून जास्त सांगितलं असेल तर तो आकडा पाळा.

ते ४०० किलो कशाचे हेही महत्त्वाचं आहे. सकाळी मागे सिमेंटच्या आठ पिशव्या रचलेल्या असतात. दुपारी स्लॅबच्या कडेला माल कमी पडतो आणि कुणीतरी त्यातल्या दोन उचलून नेतो. चार वाजता होइस्टवर शंभर किलो कमी आहेत हे खाली आकड्याला मोळी अडकवणाऱ्याला कुठून कळणार? वाळूच्या पोत्यांचंही तेच. पोतं फाटतं, वाळू गळते, वजन घटतं. मागचं वजन काँक्रीटच्या ठोकळ्यांचं किंवा लोखंडाचं ठेवा, ते फ्रेमला बोल्टने किंवा साखळीने जखडा आणि त्यावर रंगाने किलोचा आकडा लिहा.

दुसरी गोष्ट, रोपची लांबी. आकडा बेसमेंटच्या तळाला टेकला असतानाही ड्रमवर रोपचे किमान दोन पूर्ण वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. त्याहून कमी उरले तर सगळा भार रोपच्या टोकाच्या क्लॅम्पवर येतो. पहिल्या दिवशी रिकामा आकडा तळापर्यंत सोडून वेढे मोजा. लिफ्टच्या खड्ड्यात माल सोडायचा असेल तर तिथपर्यंत सोडून मोजा.

आणि जागा. खोदलेल्या काठाला टेकून होइस्ट ठेवू नका. पुण्यासारख्या ठिकाणी खाली कातळ उभा राहतो, पण वरचा मुरूम आणि भराव पावसात सुटतो. काठाला समांतर भेग दिसली तर होइस्ट त्याच क्षणी मागे घ्या आणि इंजिनिअरला बोलवा. खोदलेली माती आणि सळईचे ढीग काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यांतलं जे जास्त असेल तेवढं लांब ठेवा. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला पावसात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली. पावसात काठाच्या वर आणि काठाखाली काय ठेवतो, कोण राहतो, हे पाहणं तुमच्या कामाचा भाग आहे.

होइस्ट, कप्पी किंवा तिपाई कशाला बांधायची याचंही उत्तर आधी ठरवा. कॉलमच्या वर आलेल्या सळया, शटरिंगचे प्रॉप, परांचीचे पाइप आणि नुकतीच ओतलेली रिटेनिंग वॉल यांतलं काहीही आधार म्हणून चालणार नाही.

रोप हाताने पाहा

वायर रोपबद्दल नियम स्पष्ट आहे: रोपच्या व्यासाच्या आठ पट लांबीत तुटलेल्या तारा एकूण तारांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त दिसल्या तर ती रोप वापरायची नाही. हे साइटवर असं करा. होइस्टचा मेन स्विच बंद करा. चामडी हातमोजे घाला. सुती फडकं रोपभोवती हलकं धरून एका बाजूला सरकवा. जिथे तार तुटलेली असेल तिथे फडक्याचा धागा अडकेल. तिथे खडूने खूण करा. रोप ८ मिमीची असेल तर खुणेपासून ६४ मिमी मोजा आणि तेवढ्यातल्या तुटक्या तारा मोजा. सहा पेडांच्या, प्रत्येकी १९ तारांच्या रोपमध्ये एकूण ११४ तारा असतात. म्हणजे ६४ मिमीत १२ तुटक्या दिसल्या की रोप बाद. गंज, चपटेपणा किंवा पेड उलगडून फुगलेली जागा दिसली तर तारा मोजत बसू नका, रोप बदला.

रोपच्या टोकाला क्लॅम्प लावताना यू-बोल्टची वाकलेली बाजू तोकड्या टोकावर आणि खोबणीची बाजू भार घेणाऱ्या लांब रोपवर हवी. निम्म्या साइटवर हे उलटं दिसतं. उलटा यू-बोल्ट भाराच्या रोपलाच चिरडतो. किमान तीन क्लॅम्प, दोघांमध्ये रोपच्या व्यासाच्या सहा पट अंतर, आणि पहिल्या भारानंतर नट पुन्हा आवळायचे.

दोन पायांच्या स्लिंगने मोळी उचलताना पायांमधला कोन लहान ठेवा. ६० अंशांच्या कोनात प्रत्येक पायावर भाराच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. तोच कोन १२० अंश झाला की प्रत्येक पायावर पूर्ण भाराएवढा ताण येतो. स्लिंग आखूड पडली म्हणून ताणून बांधली की नेमकं हेच होतं.

माणसांची वाट

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "होइस्ट चालूच आहे, तर एखाद्याला बादलीतून खाली सोडलं तर काय बिघडतं?" मालाच्या होइस्टवर माणूस चढवायचा नाही. मुकादम नाही, इंजिनिअर नाही, पाहणीला आलेले सोसायटीचे सदस्यही नाहीत. अशा होइस्टचा ब्रेक, रोप आणि आकडा माणूस वाहण्यासाठी बनवलेले नसतात. "फक्त मालासाठी, माणसांना मनाई" असा मराठी आणि हिंदी फलक होइस्टवर आणि खाली उतरण्याच्या जागी, दोन्हीकडे लावा.

मग माणूस कुठून जाणार?

- चार-पाच मीटरपर्यंत: बांधलेली शिडी. उंचीच्या चार भागांना तळाशी एक भाग बाहेर, असा उतार ठेवा. ४ मीटर खोलीला पाय १ मीटर बाहेर. वरचं टोक काठाच्या वर किमान १ मीटर यायला हवं, म्हणजे चढून आलेल्याला धरायला काही राहतं. हिशेब करा: ४ मीटर खोलीला सव्वापाच मीटरच्या आसपास लांबीची शिडी लागते. आखूड शिडी विटांवर उभी करून लांबी भरून काढू नका.
- त्याहून खोल: जिन्याची परांची. पाइपच्या परांचीत मध्ये टप्पे असलेला, दोन्ही बाजूंनी कठडा असलेला जिना भाड्याने मिळतो. दोन मजल्यांच्या बेसमेंटला शिडीवर विसंबू नका. जखमी माणसाला शिडीवरून वर आणणं फार अवघड असतं, जिन्यावरून चार जण स्ट्रेचर आणू शकतात.
- निदान दोन वाटा. एकमेकींपासून लांब, म्हणजे एका बाजूचा काप कोसळला किंवा पाणी शिरलं तर दुसरीकडून बाहेर पडता येईल.

शिडी वर आणि खाली दोन्हीकडे बांधा. चढताना हात मोकळे हवेत, हत्यारं पिशवीत घालून दोराने वेगळी सोडा. लाकडी शिडीला रंग देऊ नका, रंगाखाली भेग दिसत नाही. खिळ्याने ठोकलेल्या पायऱ्यांची बांबूची शिडी साइटवर ठेवूच नका. ती पडून असली की कुणीतरी वापरतोच. विजेच्या कामाजवळ ॲल्युमिनियमची शिडी नको.

हार्नेस घेताना एक चूक टाळा

"सगळ्यांना सेफ्टी बेल्ट दिलेत" हे वाक्य ऐकून समाधान मानू नका. कमरेचा पट्टा पडताना मणक्याला इजा करतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, आयएस ३५२१ ची खूण पाहून.

आता उथळ बेसमेंटमधली अडचण बघा. साधारण २ मीटरच्या दोरीसह झटका शोषणारा हार्नेस माणसाला थांबवेपर्यंत दोरीची लांबी, शोषकाची उकल, माणसाची उंची आणि थोडी मोकळी जागा मिळून सहा मीटरच्या आसपास उंची लागते. तुमचं बेसमेंट ४ मीटर खोल असेल तर माणूस हार्नेस घालूनही राफ्टवर आदळेल. एवढ्या खोलीत उपाय वेगळा: काठाला पक्का कठडा, वरची पट्टी साधारण १ मीटर उंच, मध्ये एक पट्टी आणि तळाशी फळी. जिथे माल उतरवण्यासाठी कठडा उघडावाच लागतो, तिथे आपोआप दोरी आवळून घेणारा फॉल अरेस्टर डोक्याच्या वरच्या आधाराला लावा.

खालची हवा

लिफ्टचा खड्डा आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या यांत माणूस उतरवण्याआधी हवा तपासा. प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर कुणालाही उतरवू नका. डिझेलचा पंप किंवा जनरेटर बेसमेंटच्या आत चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बरेच दिवस बंद असलेल्या टाकीतलं शटरिंग काढायला उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात.

अशा जागी तिपाई, हाताने फिरवायचं बचाव विंच आणि हार्नेस आधीच लावून ठेवा. विंचवर माणसासाठी असल्याची नोंद हवी. मालाची चेनकप्पी इथे चालणार नाही. आत उतरणाऱ्याच्या पाठीवरच्या कडीला दोर उतरण्याआधी जोडलेला असला पाहिजे, म्हणजे वरचा माणूस आत न जाता त्याला ओढून काढू शकतो.

भाड्याने घेताना मागा

- सुरक्षित भाराची पट्टी यंत्रावर ठोकलेली, आणि चाचणीचं प्रमाणपत्र. त्यावरचा क्रमांक यंत्रावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.
- रोप कधी बदलली याची लेखी नोंद.
- आकडा वर जास्त ओढला गेला तर यंत्र थांबवणारा लिमिट स्विच. तो तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा.
- ओल्या जागी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी.
- ऑपरेटर कुणाचा हे करारात. वय १८ च्या वर, आणि खाली न दिसणाऱ्या भारासाठी इशारा देणारा वेगळा माणूस. इशारा एकानेच द्यायचा, पण "थांब" कुणीही म्हटलं तरी थांबायचं.

कामगारांचे आणि तुमचे हक्क

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि १९९६ चा बांधकाम कामगार कायदा तिच्यात सामावला गेला. कामगाराला जीवघेणा धोका जवळ आल्याचं सकारण वाटलं तर तो थेट मालकाला किंवा सुरक्षा समितीमार्फत कळवू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. हे तुमच्या साइटवरच्या बिगाऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगा. बहुतेकांना हे माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी उद्याची हजेरी जाईल या भीतीने ते गप्प राहतात. ती भीती घालवणं मुकादमाच्या हातात नसतं, तुमच्या हातात असतं.

वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर कामगाराची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. नोंदणी चालू असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास कुटुंबाला ५ लाख रुपयांची मदत मंडळाच्या योजनेत आहे. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो. तो मागितल्यावर टाळाटाळ करणारा ठेकेदार नेमू नका.

सोसायटीच्या सदस्यांनो, विकासकाकडे तुम्ही प्रमाणपत्रांच्या प्रती आणि मागच्या वजनाचा हिशेब लेखी मागू शकता. करारात तसं कलम आधीच घाला. नंतर मागितलं तर तो तुमचा आग्रह मानला जातो, करारात असेल तर त्याला द्यावंच लागतं.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन करा. काप कोसळला असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर. हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्या, कारण लटकल्या अवस्थेत पायांत रक्त साचून तो बेशुद्ध होऊ शकतो. उंचावरून पडलेल्याला, हवा किंवा काप यांचा धोका नसेल तर, मान हलू न देता जागेवरच ठेवा. होइस्ट, रोप, मागचं वजन जसं आहे तसं राहू द्या, फोटो काढा आणि हजेरीपटाची त्या दिवसाची प्रत बाजूला काढून ठेवा. भरपाईच्या दाव्यात कामगार त्या दिवशी तुमच्या साइटवर होता हे दाखवणारा पहिला कागद तोच असतो.